शिळं पाणी

सोलापुरात उन्हाळा आला हे उन्हावरून कळत नाही. ऊन इथे दिवाळीतही असतं, आणि संक्रांतीच्या जत्रेत दुपारी हिंडायचं तर डोक्यावर काहीतरी घ्यावंच लागतं. उन्हाळा आला हे कळतं ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या बोटभर चौकटीवरून. शहराचा पाणीपुरवठा आणखी एक दिवस पुढे गेला आहे, नागरिकांनी सहकार्य करावे. सहकार्य म्हणजे नेमकं काय करावं हे त्या चौकटीत कधीच नसतं. तहान एक दिवस पुढे ढकलावी असा त्याचा अर्थ असावा.

यंदा ती चौकट आली त्याच आठवड्यात आमच्या चौकात मोठा फलक लागला. पांढऱ्या कपड्यांतला एक गृहस्थ हात जोडून उभा, मागे धबधबा, आणि वर अक्षरं: 'आधुनिक भगीरथ'. कसल्याशा नव्या जलवाहिनीबद्दल त्याचं अभिनंदन होतं. अभिनंदन करणाऱ्यांचे गोल गोल चेहरे धबधब्यात पोहत असल्यासारखे मांडले होते. मूळच्या भगीरथाच्या घराण्यात गंगा खाली आणायला काही पिढ्या खर्ची पडल्या होत्या, हे फलक लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक असावं. फलकाच्या सावलीत टँकर उभा होता. टँकरवर कुणाचाच फोटो नव्हता.

हे सगळं मी भाजी आणायला जाता-येता बघत होते. घरी आले तर फोनवर सुनीताचा व्हिडिओ येऊन पडलेला. सुनीता माझी भावजय, धाकट्या भावाची, बसूची बायको. ते पुण्याला असतात. मी भवानी पेठेतल्या आमच्या घरात असते. आई होती तोवर दोघी असायचो. ती गेल्यावर एकटी. लग्न मी केलं नाही. त्याचं कारण लोक अजून विचारतात आणि माझ्याकडे ते अजून तयार नाही.

व्हिडिओत एक हसरी बाई आपलं स्वयंपाकघर दाखवत होती. इतकं स्वच्छ, की तिथे कुणी कधी फोडणी दिली असेल असं वाटेना. एकसारख्या काचेच्या बरण्या, बरण्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर सुरेख अक्षरात 'साखर', 'मीठ'. या बाईच्या घरी साखर आणि मीठ चाखून ओळखायची सोय राहिलेली नसावी. तिचं म्हणणं असं, की सगळी भांडी बाहेर काढा, जमिनीवर मांडा आणि त्यांचे तीन ढीग करा. ठेवायचं, द्यायचं, विचार करायचा. वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू आपली नव्हेच.

मला हे नवीन नव्हतं. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं आहे. वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं बाजूला काढायची, त्याला आमच्याकडे निर्लेखन म्हणायचे. भारदस्त शब्द आहे. मी तो डोळ्यांत पाणी न आणता पुष्कळदा वापरला. तेव्हा स्वयंपाकघर काय मोठंसं, असं मला वाटलं.

संध्याकाळी बसूचा फोन आला.

"अक्का, व्हिडिओ बघितलास का?"

"बघितला. त्या बाईला भूक लागत नसावी."

"थट्टा नको गं. ऐक, मे महिन्यात आम्ही येतोय. सगळे. आम्ही दोघं, चिन्मय, सूनबाई, त्यांची दोन्ही पोरं."

"किती दिवस?"

"पंधरा दिवस म्हणतोय. चिन्मय घरूनच काम करेल. पोरांनी आपलं घर नीट बघितलंच नाही अजून."

"या की."

"पण ते स्वयंपाकघर तेवढं मोकळं कर. आई गेली तेव्हा आलो होतो, सुनीता दोनदा अडखळली त्या भांड्यांत."

"भांड्यांत नाही, पाण्यात."

"तेच ते."

ते तेच नव्हतं, पण बसू आता पुण्याचा झाला आहे. त्याच्या घरात नळ म्हणजे भिंतीतून आलेली एक सोय. फिरवला की पाणी. आमच्याकडे नळ म्हणजे पाहुणा. तो यायच्या दिवशी घरात कुणीतरी असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून मी कामाला लागले. व्हिडिओतल्या बाईने सांगितल्याप्रमाणे पहिलं पातेलं उचलायला गेले, तर ते काठोकाठ भरलेलं. दुसरं भरलेलं. ओट्याखालचं तपेलं, फडताळातल्या कळशा, दाराआडचं पिंप, जुना कुकर, इडलीपात्राचा खालचा भाग, सगळं भरलेलं. मीच भरून ठेवलं होतं, आणि तरी उचलेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. सोलापुरातल्या स्वयंपाकघरात रिकामं भांडं ही निव्वळ अफवा आहे. ती भांडी जमिनीवर मांडून ढीग करायचे तर आधी पाणी कुठे काढून ठेवायचं? आणि पाणी यायला अजून दोन दिवस असताना साठवलेलं ओतून देणं आमच्या पेठेत पाप आहे.

म्हणजे आवराआवर करायची तर ती फक्त पाण्याच्या दिवशी. जुनं पाणी ओतलं आणि नवं भरायला घेतलं, या दोहोंच्या मधल्या घटकेत. तेवढ्यातच भांडं रिकामं असतं आणि त्याच्याबद्दल विचार करता येतो.

जुनं पाणी ओतणं ही आमची रीत बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. चार दिवस आम्ही पाणी तुपासारखं वापरतो. भाजी धुतलेलं पाणी झाडाला, तांदूळ धुतलेलं भांड्यांना. नळ येतो त्या क्षणी घरातलं उरलेलं सगळं पाणी एकाएकी शिळं होतं. त्याला वास येत नाही, त्यात काही पडलेलं नसतं, तासाभरापूर्वी आपण ते प्यायलेलो असतो. पण नवं पाणी आलं की जुनं शिळं. मग घराघरांतून बादल्या, कळशा मोरीत पालथ्या होतात आणि दुष्काळी शहराची गटारं पावसाळ्यासारखी वाहायला लागतात. मी शिकलेली बाई. झाकून ठेवलेलं पाणी इतक्यात बिघडत नाही हे मला माहीत आहे. तरी नळाला फस्स असा आवाज झाला की माझा हात आपोआप पातेल्याकडे जातो. शिक्षणाचा परिणाम कुठवर होतो याची मर्यादा मला तिथे दिसते.

एक उन्हाळा मात्र असा होता, की आमच्या घरात पाणी शिळं झालंच नाही.

मी तेव्हा शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते. बसू शाळेत. अप्पांचं टॉवेल-चादरींचं दुकान बरं चाललं होतं. एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून सांगोल्याची आत्या उतरली. तिच्या मागून तिची मुलं, एकामागून एक, संपेचनात.

"वहिनी, भांडून आलीय मी," आत्या उंबऱ्यातच म्हणाली.

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "अगंबाई, कुणाशी?"

"पाण्याशी! टँकर बी येईना झालाय आमच्यात. हीर तर कवाच आटली. ह्यांना म्हणलं, शेरडं तुमी बघा, पोरं मी बघते. तुमच्या हितं नळाला येतंय न्हवं?"

"येतंय की. आत या आधी."

"मग ऱ्हाते मिरग लागस्तोवर. लई दिस हाय म्हणू नगा."

"म्हटलं तर जाणारेस का?"

"न्हाय!"

दोघी इतक्या हसल्या की रिक्षावालाही हसायला लागला.

आई अक्कलकोटकडची. तिचं बोलणं मराठी, पण मोजणं कानडीत. पाण्याच्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून भांडी मोजायची. ओंदु, एरडु, मूरु. आकडा पुढे गेला की आवाज चढायचा. त्या उन्हाळ्यात नळ भर दुपारी यायचा. अप्पा जेवून दुकानात गेलेले, रस्ता तापून ओस पडलेला, गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या, आणि मोरीतल्या नळातून आधी हवा, मग तांबूस थुंकी, मग पाणी. आई ओरडायची, "आला!" आत्याची मुलं ओळीने उभी राहायची. नळाशी मी, माझ्यापुढे बसू, मग ती सगळी, शेवटी आई. भांडं हातोहात पुढे जायचं. सांडलं की ज्याच्या पायावर सांडलं त्याला आनंद.

आधी मोठी भांडी भरायची. मग मधली. मग तांबे, मग चहाचं पातेलं, डबे, डब्यांची झाकणं, आणि सगळ्यात शेवटी, नळाची धार बारीक झाली तरी आत्याचं समाधान व्हायचं नाही म्हणून, वाट्या. आमटीच्या वाट्या ओळीने पाण्याने भरून ठेवलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला जागा उरायची नाही. खिडकीतून तिरपं ऊन यायचं ते त्या सगळ्या पाण्यांवर पडायचं आणि वर छतावर हलायला लागायचं. मुलं मधल्या खोलीत पाठीवर झोपून, डोकी तेवढी उंबऱ्यातून आत घालून, छताकडे बघत राहायची. आत्या दाराच्या चौकटीला टेकून बसलेली.

"वहिनी," ती एकदा म्हणाली, "हितनं हलू नये वाटतंय बगा."

"हलू नकाच. पाय लागला तर सांडेल," आई म्हणाली.

आत्याने आम्हाला पाणी वापरायला शिकवलं. आम्हाला वाटत होतं आम्ही शहाणे आहोत. ती पोरांना परातीत उभं करून आंघोळ घालायची. परातीतलं पाणी पायपुसणी धुवायला, ते झालं की मोरी धुवायला, आणि मोरीचं म्हणे वाया जातं म्हणून तिने दोन दिवस तोंड बारीक केलं होतं. पाणी यायच्या आदल्या दिवशी आम्ही पत्रावळींवर जेवायचो. त्या दिवशी आईचं काळं तिखट भाजणं चालायचं. कांदा, खोबरं, दगडफूल. घरभर ठसका. मुलं खोकून खोकून लाल व्हायची आणि पाणी मागायची, आणि आत्या म्हणायची, "उद्या खोका." संध्याकाळी सगळे गच्चीवर. शेंगा सोलत बसायचो. फोलपटं वाऱ्याने शेजारच्या गच्चीवर जायची आणि तिकडून शिव्या यायच्या, तेलुगूत. आम्हाला त्या कळत नसत, म्हणून त्या गोड वाटत.

आणि नळ यायचा तेव्हा घरातलं प्रत्येक भांडं कोरडं असायचं. ओतायला काही नसायचंच. आई पातेली नुसती पालथी करून झटकायची, सवयीने.

मृग लागला तशी आत्या गेली. जाताना मुलं रडली. सांगोल्यात पाऊस पडलाय हे त्यांना पटत नव्हतं. त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी आईने ओट्याखालचं तपेलं उचललं, मोरीशी नेलं आणि ती थांबली.

"उरलं की गं," ती म्हणाली.

पाणी उरलं ही सोलापुरात आनंदाची बातमी असायला हवी. तिच्या तोंडाकडे बघून तसं वाटलं नाही.

पुढे मला नोकरी लागली. बसू शिकायला पुण्याला गेला आणि पुण्याचाच झाला. अप्पा गेले, दुकान गेलं. आत्याच्या मुलांनी डाळिंबं लावली, शेततळी केली. आता त्यांना आमच्या नळाची गरज नाही, हे चांगलंच झालं. दरवर्षी थोडं थोडं पाणी जास्त उरत गेलं. शेवटी आई आणि मी दोघीच. तरी ती सगळी भांडी भरायला लावायची.

"आई, दोघींना एवढं कशाला?"

"कुणी आलं तर?"

कुणी येत नव्हतं हे उत्तर होतं, पण ते म्हाताऱ्या माणसाला द्यायचं नसतं. ती खुर्चीत बसून मोजायची. नंतर नंतर आकडे विसरायला लागली. एरडुच्या पुढे पुन्हा ओंदु यायचा. मी मुकाट्याने भरत राहायचे.

ती गेल्यावरही मी भरत राहिले. एकटीला रोज किती लागतं? भाताचं, आमटीचं, दोन भांडी, एक बादली. बाकी सगळं पाणी नुसतं बसून असतं. चार दिवसांनी मी ते ओतते. वाकून वाकून पाठ दुखते. एकटं राहणं म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी पुस्तकातलं काही सांगणार नाही. पाण्याच्या दिवशी मोरीत किती ओतावं लागतं, तेवढं सांगेन.

पण यंदा गोष्ट वेगळी होती. बसू येणार होता. मी कामाला निराळ्याच जोमाने लागले. एका पाण्याच्या दिवशी एक फळी, असं ठरवलं. डबे काढले. आमच्या स्वयंपाकघरात कुठल्याही डब्यावर जे लिहिलंय ते आत नसायचं. तो नियमच होता. बिस्किटाच्या डब्यात हळद, चहाच्या डब्यात मोहरी, दूध पावडरच्या डब्यात कुकरच्या जुन्या रिंगा, ज्या कुठल्याच कुकरला बसत नव्हत्या. मी इतकी वर्षं पुस्तकांना क्रमांक लावले आणि माझ्या आईने त्याच घरात क्रमांकाशिवाय कारभार केला. तिला अंधारातसुद्धा मोहरी सापडायची. मला दिवसाही सापडत नाही.

भांड्यांवरची नावं वाचायला मात्र वेळ गेला. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली. अमक्याच्या लग्नात तमक्याकडून सप्रेम भेट. एका तांब्यावर पेठेतल्या एका जुन्या पुढाऱ्याचं नाव इतकं मोठं कोरलेलं, की ज्यांना भेट दिली त्या माझ्या आईवडिलांना तांब्याच्या बुडाशी जागा मिळाली होती. तो पहिला 'द्यायचं' मध्ये गेला. मला हलकं वाटलं.

शेजारची नरसम्मा भिंतीवरून बघत होती. तिचं अंगण आणि माझी मोरी यांच्यामध्ये खांद्याइतकी भिंत आहे. ती दिवसभर ओसरीत विड्या वळते आणि डोळे मोकळेच असल्यामुळे सगळ्या पेठेवर लक्ष ठेवते.

"काय करलालाव ओ मॅडम? भांड्याचं दुकान टाकलालाव का?"

"आवरतेय. पाहुणे यायचेत."

"कोण ओ?"

"भाऊ. पुण्याचा. सुना-नातवंडं सगळी."

"मग काढलालाव कशाला? पावणे येणार तर वाढवायचं की!"

मला हसू आलं. व्हिडिओतल्या बाईला हा प्रश्न कुणी विचारला नसेल.

नरसम्माचं बोलणं डोक्यात राहिलं. 'द्यायचं' चा ढीग हळूहळू कमी व्हायला लागला. मोठं तपेलं सहा माणसांच्या आंघोळीला लागेल. पितळी परात पोरांना दाखवायला हवी. कळशा राहू देत, सूनबाईला सवय नसेल, तिला हाताशी पाणी लागेल. सगळं 'विचार करायचा' मध्ये जमा झालं, आणि खरं सांगायचं तर विचार काही करायचा नव्हता. मला ते सगळे यायला हवे होते. इतकं साधं वाक्य लिहायला मला फार दिवस लागले. नोकरीत मी टिपणं लिहायचे ती याहून अवघड असायची.

मी शेंगांची चटणी केली, कमी तिखट, मग त्या चटणीत चव नाही म्हणून दुसरी केली. गाद्या गच्चीवर टाकल्या. उशांना नवे अभ्रे घातले. आणि एका पाण्याच्या दिवशी, ते यायला आठवडा असताना, मी सगळ्या वाट्या काढल्या आणि भरल्या. का भरल्या ते मला विचारू नका. ऊन आता त्या खिडकीतून येत नाही. समोर तीन मजली इमारत झाली आहे. छत छतासारखंच राहिलं.

बसूचा फोन आला तो सकाळी. इकडचं तिकडचं जरा जास्तच बोलला. बसूची लहानपणापासूनची सवय आहे, वाईट बातमी सांगायची असली की तो आधी हवापाण्याची चौकशी करतो. या वेळी हवापाणी हीच बातमी होती.

"अक्का, तिकडं पाणी आता किती दिवसांनी येतंय?"

"येतंय की. पेपरात आलंय ना, एक दिवस पुढे गेलंय."

"तेच चिन्मयनं वाचलं. तो म्हणतो, पोरांना दिवसातून दोनदा आंघोळ लागते. रोजचे कपडे. एवढं पाणी तू कुठून आणणार? तुझेच हाल."

"हं."

"टँकर मागवायचा म्हणाला तो. मी म्हटलं, गल्लीत टँकर येत नाही."

"नाही येत."

"तर यंदा नको म्हणतोय. दिवाळीत बघू. नाहीतर तूच ये ना इकडं. चोवीस तास पाणी आहे."

फोन कानाला धरून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. समोर सगळं भरलेलं. पिंप, तपेलं, कळशा, पातेली, वाट्या. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की बसू, पाणी उरतंय रे. मी ते ओतून देते. दोन वाक्यांचं काम होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "पाण्याचे हालच आहेत."

"रागावलीस का?"

"वेडा आहेस. पोरांना जप."

फोन ठेवल्यावर मी कारण शोधत बसले नाही. पाणी आहे म्हटलं असतं तर त्याला दुसरं कारण शोधावं लागलं असतं, आणि ते मला ऐकावं लागलं असतं. सोलापुरात पाण्याचा प्रश्न आहे म्हटलं की पुढे कुणी बोलत नाही. लग्नं पुढे जातात, बदल्या रद्द होतात, पाहुणे परत फिरतात, आणि कुणाचा अपमान होत नाही. हे शहर माणसांना पाणी पुरवत नसेल, पण कारण मात्र चोवीस तास पुरवतं. ते फलकावर कुणी लिहीत नाही.

दुपारी सुनीताचा आणखी एक व्हिडिओ आला. फडताळात हवा खेळती कशी ठेवावी. मी त्यावर अंगठा पाठवला.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी नळ चारच्या सुमाराला आला. मी आधी सगळं ओतलं. वाट्या, पातेली, कळशा, तपेलं. पिंप कलंडवायला वेळ लागला. मोरी तुंबली, मग गटगटत गेली. रिकामी भांडी एकेक करून मी गच्चीवर नेली आणि उन्हात पालथी घातली. फार वर्षांनी ती आतून बाहेरून कोरडी झाली असतील. उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं, इतकी चकाकत होती. खाली येऊन मी माठ भरला, एक कळशी भरली, एक बादली भरली.

नळ जोरात होता. पेठेत सगळीकडे मोटारी घरघरत होत्या, भांड्यांवर भांडी आपटत होती, कुणीतरी कुणाला तरी पिंप सरकव म्हणून ओरडत होतं. मी इकडे तिकडे बघितलं. भरायला काही नव्हतं. मी नळ बंद केला. चावी कडक झाली होती. पाणी येत असताना ती फिरवायची वेळ त्या घरात कुणावर आली नव्हती.

भिंतीपलीकडून नरसम्माचं डोकं वर आलं.

"मॅडम, तुमचं पाणी गेलं काय ओ? आमचं तर येलालंय."

"नाही गेलं."

"मग?"

"माझं भरून झालं."

पावणे आले का, हे तिने विचारलं नाही. नरसम्मा न विचारता राहिली असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मग माझा पाइप टाकू का तुमच्या नळाला?" ती म्हणाली. "पोरगी आलीय माझी बाळंतपणाला, तिची आधीची दोन, जावई बी हाय. एका नळानं होत न्हाय ओ."

"टाका."

भिंतीवरून हिरवा पाइप सरपटत खाली आला. मी तो नळाच्या तोंडाला लावला आणि चावी सोडली. पाणी पाइपातून उड्या मारत पलीकडे गेलं. तिकडे कुठलं तरी मोठं भांडं असावं. आधी ढबढब आवाज झाला, मग तो चढत चढत बारीक झाला, आणि कुणीतरी तेलुगूत ओरडलं, आणि लहान मुलं खिदळली. लगेच दुसऱ्या भांड्याचा आवाज सुरू झाला.

पाइप जुना होता. त्याचं तोंड सैल पडलं होतं, नळावर बसत नव्हतं. हात काढला की निसटत होता.

"झालं की सांगा," मी म्हणाले.

"लई भांडी हायत ओ मॅडम," भिंतीपलीकडून उत्तर आलं. "वेळ लागतो की."

मी पाइप नळाशी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.